‘सी’मधला प्रोग्राम पायथनमध्ये नेला, पण हिशेब तोच आला का?

विशेष लेख | पुणे ग्रामीण

स्वारगेटला एसटीतून उतरायचं, टिळक रोड धरायचा आणि सदाशिव पेठेत शिरायचं. भोर, राजगड (वेल्हे), पुरंदर, दौंड, इंदापूर, जुन्नर अशा तालुक्यांतून पुण्याला शिकायला जाणाऱ्या पोरापोरींचा हा नेहमीचा रस्ता. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, अभ्यासिकेतली एक खुर्ची आणि कसला ना कसला क्लास. बहुतेक जण स्पर्धा परीक्षेसाठी येतात. पण डिप्लोमा, बीसीएस, बीसीए करणारी आणि त्याच्या जोडीला कॉम्प्युटरची एखादी भाषा शिकणारीही भरपूर आहेत.

या पोरांपुढे एक काम हटकून येतं. कॉलेजात ‘सी’ शिकवलेली असते, नोकरीच्या जाहिरातीत पायथन किंवा जावा मागितलेली असते. मग सीमध्ये केलेला प्रोग्राम पायथनमध्ये करायचा. आजकाल त्यासाठी डोकंही फार चालवावं लागत नाही. एआयच्या खिडकीत जुना प्रोग्राम टाकला की अर्ध्या मिनिटात नवा हातात. चालवला की चालतोही. झालं काम!

झालं का पण? हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्यांचा नाही, तो गावाकडच्या दूध संस्थेचा आणि पतसंस्थेचाही आहे. अनेक संस्थांचे हिशेब वर्षानुवर्षं फॉक्सप्रो किंवा व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालले. या दोन्हींचे दिवस केव्हाच संपले. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चं, त्यात प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाला कंपनीनं २००८ पासून आधार देणं थांबवलं. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची ९ वी आवृत्ती २००४ ची, तिचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. नवा कॉम्प्युटर घेतला की जुनं सॉफ्टवेअर कुरकुर करतं, प्रिंटर ऐकत नाही, आणि मग कुणीतरी सांगतं, ‘नव्या भाषेत करून देतो, सगळं जसंच्या तसं.’

हे ‘जसंच्या तसं’ म्हणजे नेमकं काय, तेच या लेखात समजून घेऊ. कारण त्यावर सभासदाच्या दुधाचा पगार आणि ठेवीदाराचं व्याज अवलंबून असतं.

आधी थोडं मुळापासून

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला शून्य आणि एक यापलीकडे काही कळत नाही. माणसाला तसं लिहिणं जमत नाही, म्हणून मधल्या भाषा आल्या. व्यापारी कामकाजासाठी कोबोल आली, ती १९५९-६० च्या सुमाराची. सी १९७० च्या दशकातली. पायथन १९९१ ची, जावा १९९५ ची. प्रत्येक भाषा एखाद्या गरजेतून निघाली आणि प्रत्येकीचे काही अलिखित रिवाज ठरले. भागाकार कसा करायचा, अर्धा पैसा आला तर काय करायचं, मोजायला शून्यापासून सुरुवात करायची की एकपासून, अशा बारीकसारीक गोष्टी.

आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेण्याचं काम कंपायलर करतो. ते रोज कोट्यवधी वेळा होतं आणि बिनबोभाट होतं, कारण भाषेचे नियम कंपायलरमध्ये पक्के भरलेले असतात. माणसाच्या एका भाषेतून माणसाच्याच दुसऱ्या भाषेत नेताना मात्र दोन्हीकडचे रिवाज टकरावतात. शब्द बदलणं सोपं असतं, रिवाज राहून जातात.

सदाशिव पेठेतलाच एक जुना धडा

याच सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० साली ते स्थापन केलं. मोडी कागदपत्रांचा मोठा ठेवा तिथे आहे. मोडी म्हटलं की आता गावोगाव लोकांचे कान टवकारतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जुने दप्तर वाचू शकणाऱ्या मोडी जाणकारांना जिल्ह्याजिल्ह्यातून मागणी आली.

मोडीचं देवनागरी करायचं म्हणजे काय करायचं? अक्षरांचा तक्ता पाठ केला की झालं, असं नवशिक्याला वाटतं. पण मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ओळ सलग वाहत जाते. कुठला शब्द कुठे संपला, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सहसा नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच दिसणार. दिवस म्हणायचं की गरीब म्हणायचं, हे मागचं-पुढचं वाक्य वाचूनच कळतं. म्हणून जाणकार माणूस आधी कागद कशाचा आहे ते बघतो. वतनाचा, वसुलाचा की घरगुती पत्राचा? त्याचा रिवाज काय होता? मग अक्षराला हात घालतो.

प्रोग्रामचंही असंच आहे. समोरचा प्रोग्राम कशाचा हिशेब करतो, कुणाच्या नियमानं करतो, हे आधी समजलं पाहिजे. नाहीतर अक्षरं बरोबर येतील आणि अर्थ सुटेल. कुठे कुठे सुटतो, ते आता आकड्यांनीच बघू.

भागाकाराचा फसवा खेळ

७ भागिले २ किती? शाळेत साडेतीन. सी भाषेत दोन्ही आकडे पूर्णांक असतील तर उत्तर येतं ३. वरचा अर्धा गुपचूप टाकून दिला जातो. पायथनच्या आजच्या आवृत्तीत तेच ७/२ लिहिलं की ३.५ येतं. चिन्ह तेच, आकडे तेच, उत्तर वेगळं.

समजा संस्थेत १९० लिटर दूध जमलं आणि ४० लिटरचे कॅन आहेत. सीमध्ये १९०/४० केलं की ४ येतात, म्हणजे चार कॅन पूर्ण भरले. उरलेले ३० लिटर वेगळे मोजायचे. हाच प्रोग्राम जसाच्या तसा पायथनमध्ये नेला तर कॅन होतात ४.७५. पाऊण कॅन कुठून आणायचा? पायथनमध्ये यासाठी दोन तिरप्या रेघांचा वेगळा भागाकार आहे, तो वापरायला हवा.

उलट बाजूनंही बघा. ६०० पैकी ४३३ गुण. पायथनमध्ये ४३३/६००*१०० लिहिलं तर ७२.१७ टक्के येतात. हीच ओळ सीमध्ये पूर्णांकांवर चालवली तर आधी ४३३/६०० होणार शून्य, आणि शून्य गुणिले शंभर शून्यच. पोरगं डिस्टिंक्शनच्या जवळ होतं, प्रोग्रामनं नापास केलं.

ऋण आकड्यांत तर आणखी मजा. रविवारला ०, सोमवारला १ असे आकडे दिले. सोमवारच्या तीन दिवस आधी कोणता वार? १ वजा ३, त्याला ७ नं भागून बाकी काढायची. पायथन सांगतो ५, म्हणजे शुक्रवार. बरोबर. सी सांगते उणे २. उणे दोन नावाचा वार कुठल्याच गावच्या बाजाराला नाही.

अर्धा रुपया कुणाच्या पदरात?

आता दुधाच्या बिलाकडे या. गाईच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. समजा दर ३४ रुपये लागला आणि सभासदानं सकाळी ६.२५ लिटर दूध घातलं. रक्कम होते २१२ रुपये ५० पैसे. समजा संस्था प्रत्येक खेपेची रक्कम पूर्ण रुपयात घेते. मग २१३ लिहायचे की २१२?

फॉक्सप्रोमधला राउंड सांगतो २१३. एक्सेलही २१३ सांगतं. व्हिज्युअल बेसिक ६ चा राउंड सांगतो २१२, आणि पायथनचाही २१२ च. कारण या दोघांचा रिवाज असा, की बरोबर अर्धा आला तर जवळच्या सम आकड्याकडे जायचं. २१२.५० चे होतात २१२, पण २१३.५० चे होतात २१४. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. पुष्कळ आकड्यांची बेरीज करताना एकाच बाजूला झुकाव येऊ नये म्हणून ही पद्धत काढली आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण संस्थेचा रिवाज पहिल्या पद्धतीचा असेल आणि नवं सॉफ्टवेअर दुसऱ्या पद्धतीनं चालू लागलं, तर कधी रुपया जाणार, कधी नाही. रोज जात असता तर कुणीतरी पहिल्याच आठवड्यात ओरडलं असतं. अधूनमधून जातो, म्हणून पकडायला अवघड.

आपल्या आजी-आजोबांनी हा खेळ एकदा पाहिलाय. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस पैसे, ते ठीक. पण एका आण्याचे झाले सव्वासहा पैसे, आणि पाव पैशाचं नाणं नव्हतं. तो पाव कुणी सोडायचा, हे गणित ठरवत नाही, माणसांना बसून ठरवावं लागतं. प्रोग्राम बदलतानाही तसंच बसून ठरवावं लागतं.

एकर-गुंठ्याचा टिंब

ग्रामीण हिशेबातला सगळ्यात धोक्याचा टिंब हा. आपण १.२० एकर म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर, ६० गुंठे. पण कॉम्प्युटरला तो दशांश वाटतो. १.२० एकर म्हणजे त्याच्या लेखी ४८ गुंठे. बारा गुंठे जागेवर गायब!

जुन्या प्रोग्राममध्ये कुणीतरी टिंबाआधीचा आणि नंतरचा आकडा वेगवेगळा वाचायची सोय केलेली असते. रूपांतर करणाऱ्याला गुंठा माहीत नसेल तर त्याला ती सोय उगाच केलेली गुंतागुंत वाटते आणि तो ‘साफसफाई’ करतो. त्यात आणखी एक भर. १.२० हा आकडा म्हणून साठवला की शेवटचं शून्य गळतं आणि १.२ उरतो. मग ते १ एकर २ गुंठे की १ एकर २० गुंठे? सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि तिथे शंभर आरचा हेक्टर होतो, म्हणून तिथे टिंब दशांशासारखा वागतो. एकर-गुंठ्यात चाळीसचा हिशेब आहे. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात सोसायटीच्या कर्जवाटपाचं सॉफ्टवेअर देऊ नये.

मोठा आकडा मावला नाही तर

सी किंवा जावामध्ये साधा पूर्णांक ठेवायची जागा ठरलेली असते. नेहमीच्या ३२ बिटांच्या जागेत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे २,१४,७४,८३,६४७. पायथनमध्ये अशी मर्यादा नाही, पूर्णांक हवा तेवढा वाढतो.

पैशांचा हिशेब पक्का राहावा म्हणून चांगले प्रोग्रामर रक्कम रुपयांऐवजी पैशांत ठेवतात. मग वरच्या आकड्याचा अर्थ होतो २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. गावच्या मध्यम पतसंस्थेच्या ठेवी सहज याच्या पुढे असतात. पायथनमधला प्रोग्राम विचार न करता जावाच्या साध्या पूर्णांकात नेला, तर एकूण ठेवींची बेरीज ही रेघ ओलांडताच उणे होऊन बसेल. तपासताना पाच-पन्नास खात्यांवर तपासलं असेल तर ही चूक दिसणारच नाही.

हे केवळ पुस्तकी नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. त्यातला एक भाग आधीच्या एरियान ४ मधून जसाच्या तसा उचललेला होता. नव्या रॉकेटचा वेग जास्त, त्यामुळे एक आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. जुन्या रॉकेटवर तो कधीच एवढा मोठा झाला नव्हता.

साल ५५ म्हणजे कोणतं?

वर्ष दोनच अंकांत लिहायची जुनी सवय आपल्याला २००० सालच्या ‘वायटूके’नं महागात पडली. जगभरचे जुने प्रोग्राम, त्यातही कोबोलचे, तपासून दुरुस्त करावे लागले आणि भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना त्या काळात भरपूर काम मिळालं. पण जुन्या नोंदींमध्ये दोन अंकी सालं अजून आहेत. ‘५५’ असं लिहिलेलं साल पायथनच्या तारीख वाचणाऱ्या सोयीनं वाचलं तर ते २०५५ होतं. कारण त्याचा नियम असा, की ०० ते ६८ म्हणजे २००० नंतरचे आणि ६९ ते ९९ म्हणजे १९०० नंतरचे. १९५५ ला जन्मलेला ठेवीदार अजून जन्मालाच यायचाय, असं होणार. संस्था ज्येष्ठ नागरिकांना जादा व्याज देत असेल, तर त्याचं ते व्याज गेलं.

जावास्क्रिप्टची आणखी एक तऱ्हा. तिथे तारीख करताना महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी म्हणजे ०, मार्च म्हणजे २. फॉक्सप्रोमध्ये मार्च ३ असतो. ३ तसाच पुढे गेला तर मार्चचा एप्रिल होतो.

मराठी नावांचं काय?

जुन्या फायलींमधली मराठी नावं बहुतेक वेळा युनिकोडमध्ये नसतात. पुण्याच्या सी-डॅकची साधनं, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, अशांवर महाराष्ट्रातलं मराठी टायपिंग कितीतरी वर्षं चाललं. त्या काळच्या अनेक फॉन्टमध्ये अक्षरं ज्या क्रमानं दिसतात त्याच क्रमानं साठवली जात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. हा फरक न सांभाळता नावं ओढली तर किसनराव, शिवाजीराव, विठाबाई सगळ्यांच्या नावांचा चुराडा होतो. नाव जुळलं नाही की आधार जुळत नाही, आणि पुढचं सगळं अडतं. म्हणून प्रोग्रामचं रूपांतर आणि नोंदींचं रूपांतर ही दोन वेगळी कामं समजावीत आणि दोन्ही वेगवेगळी तपासावीत.

यंत्र हे काम करतं का?

करतं, आणि बऱ्यापैकी करतं. पण कुठवर, ते समजून घ्या.

पायथनची तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरमध्ये आली आणि दुसरीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. जुने प्रोग्राम नव्यात न्यायला ‘टू-टू-थ्री’ नावाचं साधन दिलेलं होतं. ते प्रिंटच्या ओळी नव्या पद्धतीनं व्यवस्थित करून देई. पण भागाकाराला हात लावत नसे. जुन्या पायथनमध्ये ७/२ म्हणजे ३ होतं, नव्यात ३.५. प्रोग्राम एरर न देता चाले आणि उत्तर बदललेलं असे. जे डोळ्यांना दिसतं ते यंत्र बदलतं, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही.

२०२० मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी ‘ट्रान्सकोडर’ हे एआय तयार केलं. सी प्लस प्लस, जावा आणि पायथन यांच्यात ते रूपांतर करतं. त्यांनी ते कसं तपासलं, हे शिकण्यासारखं आहे. नवा प्रोग्राम जुन्यासारखा दिसतो का, यावर ते थांबले नाहीत. दोन्ही प्रोग्रामना सारखेच आकडे देऊन उत्तरं सारखी येतात का, ते त्यांनी बघितलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या ‘डार्पा’ या संस्थेनं २०२४ मध्ये सीमधले प्रोग्राम रस्ट या सुरक्षित भाषेत आपोआप नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव काय, तर ‘ट्रॅक्टर’! म्हणजे जगातल्या मोठमोठ्या संस्थांनाही हे काम अजून संशोधनाचं वाटतं.

पुण्यातही हा विषय नवा नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं १९८१ मध्ये पुण्यात टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्र सुरू केलं. हडपसरच्या या केंद्रात, प्रोग्राम यंत्राकडून वाचून घेऊन त्यातल्या चुका कशा हुडकायच्या, यावर वर्षानुवर्षं संशोधन झालं.

आजचं एआय या सगळ्यांच्या पुढे गेलंय, यात शंका नाही. रोजचा रटाळ भाग ते झटपट करतं. पण तुमची संस्था अर्धा रुपया कुणाच्या बाजूनं सोडते आणि तुमच्या तालुक्यात १.२० म्हणजे काय, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.

मग करायचं कसं?

१. जुना प्रोग्राम काय करतो ते आधी कागदावर साध्या मराठीत उतरवा. फॅट किती अंकांपर्यंत धरतो, राउंड कुठे करतो, एका खेपेला की दहा दिवसांच्या बेरजेला, कपात आधी की नंतर. ज्यांनी बिलं काढली त्या क्लार्कला विचारा. निम्मं ज्ञान त्यांच्या डोक्यात असतं.

२. तपासणीची उदाहरणं गोळा करा. सरळ उदाहरणं थोडी आणि आडवी जास्त. शून्य लिटर, बरोबर ५० पैसे, उणे बाकी, २९ फेब्रुवारी, ३१ मार्च, सगळ्यात मोठी ठेव, सगळ्यात लांब नाव.

३. या प्रत्येक उदाहरणाचं जुन्या प्रोग्रामचं उत्तर लिहून ठेवा. दोन-चार उत्तरं हातानंही काढून बघा.

४. रूपांतर तुकड्यातुकड्यानं करा. आधी दर काढणं, मग बिल, मग कपात. प्रत्येक तुकडा झाला की ताळा करा, मगच पुढे जा.

५. जुनं आणि नवं दोन्ही सॉफ्टवेअर काही दिवस शेजारी शेजारी चालवा. दूध संस्थेत किमान एक पूर्ण बिलाचा काळ, पतसंस्थेत किमान एक महिनाअखेर. व्याज आकारणीचा दिवस त्यात आला तर फारच चांगलं.

६. फरक सापडला तर लगेच ‘नवं चुकलं’ म्हणू नका. कधी कधी जुनंच चुकत आलेलं असतं. तेव्हा मात्र प्रोग्रामरनं परस्पर दुरुस्त करू नये. हा सभासदांच्या पैशांचा प्रश्न आहे. तो संचालक मंडळापुढे ठेवायचा, ठराव करायचा आणि लेखापरीक्षकाला दाखवायचा.

सचिवांनी विचारायचे प्रश्न

सॉफ्टवेअरवाल्याशी व्यवहार करताना हे चार प्रश्न लाजू नका, विचारा.

• मूळ प्रोग्राम, म्हणजे सोर्स कोड, संस्थेला मिळणार का? नाही मिळाला तर दहा वर्षांनी पुन्हा हीच वेळ येणार.

• राउंडिंगचा नियम कोणता ठेवलाय आणि तो लेखी देणार का?

• जुन्या आणि नव्याच्या उत्तरांचा फरक दाखवणारा अहवाल मिळणार का?

• जुना डेटा आणि जुनं सॉफ्टवेअर जपून ठेवणार का? नवं बसलं म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. एखाद्या सभासदानं मागच्या वर्षीचं बिल मागितलं तर तिथेच बघावं लागेल.

आणि सदाशिव पेठेतल्या आपल्या पोरांसाठी

भाषा बदलून प्रोग्राम लिहिणं हा शिकण्याचा उत्तम मार्ग आहे, अट एवढीच की आधी स्वतः लिहून बघायचा. सीमधला वीस ओळींचा प्रोग्राम घ्या, पायथनमध्ये हातानं करा, मग एआयकडून करून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. फरक कुठे आहे आणि का आहे, हे वहीत लिहा. मुलाखतीत ‘पायथन येते का’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. ‘उणे सातला दोननं भागलं तर पायथनचा पूर्णांक भागाकार उणे चार का देतो आणि सी उणे तीन का देते’ असं विचारलं की खरी परीक्षा होते. पायथन खालच्या आकड्याकडे जातो, सी शून्याकडे. एवढं एक वाक्य समजून सांगता आलं तरी समोरच्याला कळतं, की या पोरानं नुसतं कॉपी-पेस्ट केलेलं नाही.

गावाकडे सुट्टीला आलात की आपल्या संस्थेच्या ऑफिसात एक चक्कर मारा. तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरची दहा बिलं घ्या आणि त्यांचा हिशेब आपल्या प्रोग्राममध्ये करून बघा. क्लासमधल्या महिनाभराच्या धड्यापेक्षा ते जास्त शिकवेल. संस्थेलाही आपल्या गावात हे समजणारं माणूस आहे, हे कळेल.

नवं सॉफ्टवेअर बसवून देणारा संध्याकाळच्या एसटीनं निघून जातो. दहा दिवसांनी बिलाची चिठ्ठी घेऊन खिडकीशी सभासद उभा राहतो. जुन्या पद्धतीनंही तेवढेच रुपये आले असते का, हे त्याच्या आधी आपण ताडून बघितलेलं असावं.